नाली नसलेले गाव

मराठवाड्यातल्या बहुतेक खेड्यांत आपली वस्ती कुठे आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही. नालीच्या कडेकडेने चालू लागावे. वेशीजवळ निघालेली नाली देवळामागून, दुकानांसमोरून, शाळेच्या भिंतीला लागून उताराने खाली येते. वाटेत घराघराच्या मोरीचे पाणी पोटात घेते. आणि जिथे तिचे तोंड उघडे पडते, जिथे चिखलात दगड टाकून माणसे उड्या मारत जातात, तिथे निळा झेंडा दिसतो. हा योगायोग नव्हे. वरची जागा कोणाची आणि खालची कोणाची, हे गावाने फार पूर्वीच ठरवून टाकले. पाणी बिचारे उताराला बांधलेले. त्याला जात कळत नाही, पण वाट जातीने आखलेली असते.

आमची वस्तीही अशीच. विहारासमोरूनच नाली जाते. १४ एप्रिलला पांढरीशुभ्र पातळे नेसून निघालेल्या भगिनी एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने लेकरू सावरत ती ओलांडतात. अर्ज झाले, निवेदने झाली. वस्ती सुधारणेच्या निधीतून दोन वेळा नाली नव्याने बांधून मिळाली. सिमेंटची, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. तिचा परिणाम एवढाच झाला, की वरच्या गावाचे पाणी पूर्वी रमतगमत यायचे, ते आता धावत येऊ लागले.

अशात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी या गावाचे नाव कानावर आले. तिथे नालीच नाही, असे कोणी सांगितले तेव्हा आम्हाला ती थट्टा वाटली. नाली नाही तर पाणी जाते कुठे? अखेर महिला मंडळातल्या चौघीजणी, वस्तीतले दोन तरुण आणि सेवानिवृत्त गुरुजी असे आम्ही सातजण ते पाहायला निघालो.

हिमायतनगरच्या वाटेने

टेंभुर्णी हिमायतनगर तालुक्यात आहे. नांदेडहून मुदखेड, तिथून आदिलाबादकडे जाणारा रेल्वेचा फाटा. भोकर मागे पडले की हिमायतनगर लागते. जुनी माणसे त्याला अजून वाढोणा म्हणतात. जिल्ह्याचा हा ईशान्येकडचा भाग. पलीकडे पैनगंगा आणि तिच्यापल्याड विदर्भ. खिडकीतून कापूस आणि सोयाबीनची रानेच रानेच दिसतात. माती काळी, पावसात पायाला चिकटली की चप्पल सोडवत नाही. अशा मातीत पाणी मुरवायचे म्हणजे काय, हा प्रश्न गुरुजींनी गाडीतच काढला होता.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा काही वेगळे वाटत नाही. घरे, गोठे, ओट्यावर बसलेली माणसे, सगळे आपल्याकडच्यासारखेच. मग हळूहळू ध्यानात येते, की काहीतरी कमी आहे. रस्त्याच्या कडेला ती काळी, बुडबुडे सोडणारी रेघ नाही. तिचा वासही नाही. आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशी मागे राहिल्या आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना वाकून पाहू लागल्या. आम्ही विचारले, "मावशी, काय सांडलं का?"

"सांडलं नाही गं बाई. ह्या गावची खालची आळी हुडकायलेय. पाणी कुठं जायलंय तेच कळंना."

मावशी सहज बोलून गेल्या, पण आम्ही ज्यासाठी आलो होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. पाणी कुणाच्याच दारात जात नव्हते. ज्याचे पाणी, त्याच्याच अंगणात जिरत होते.

खड्ड्यात काय आहे?

एका घरच्या गृहिणीने खड्ड्याचे झाकण काढून दाखवले. न्हाणीतून एक नळी जमिनीखालून येते आणि या खड्ड्यात उतरते. वरून पाहिले तर काही विशेष नाही. खुबी आत आहे.

साधा शोषखड्डा आपणही पाहिलेला असतो. खड्डा खणायचा, दगड-विटांचे तुकडे भरायचे, पाणी सोडून द्यायचे. वर्ष-दोन वर्षांत साबणाचा साका, केस, भाताची शिते आणि तेलाचा ओशटपणा दगडांच्या फटीत बसतो. खड्डा तुंबतो आणि पाणी पुन्हा रस्त्यावर येते. मग लोक म्हणतात, शोषखड्डे चालत नाहीत.

नांदेडकडच्या खड्ड्यात ही खोड मोडली आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल असा खड्डा घ्यायचा. तळाला मोठे दगड. त्यावर मधोमध सिमेंटची गोल टाकी ठेवायची. टाकीच्या वरच्या भागात चहूबाजूंनी भोके ठेवलेली असतात. टाकीच्या भोवतीची जागा दगडगोट्यांनी आणि खडीने भरायची. न्हाणीचे पाणी आधी टाकीत पडते. गाळ जड, तो तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी भोकांच्या उंचीला आले, की बाहेरच्या दगडांत उतरते आणि तिथून जमिनीत जिरते. दगडांपर्यंत गाळ पोचतच नाही, म्हणून खड्डा तुंबत नाही. टाकीत साचलेला गाळ अधूनमधून काढायचा, एवढीच देखभाल. मातीतले सूक्ष्म जीव त्या पाण्यातली घाण खाऊन टाकतात. वीज नाही, यंत्र नाही, रसायन नाही. याला लोक मॅजिक पिट म्हणतात. आम्हाला मात्र त्यात जादू दिसली नाही. विचार दिसला.

गावाने हे एका दिवसात केलेले नाही. सरपंच प्रल्हाद पाटील यांनी लोकांना सोबत घेऊन घरोघर खड्डे करवून घेतले. नाल्या गेल्या, तशी नालीतल्या डासांची पैदासही गेली. ही गोष्ट जिल्ह्यात पसरली. २०१५-१६ च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेचे त्या वेळचे मुख्य कार्यकारी अधिकारी अभिमन्यू काळे यांनी ती उचलून धरली. रोजगार हमी योजनेची जोड मिळाली आणि गावोगाव असे खड्डे खणले गेले. 'नांदेड पॅटर्न' हे नाव तेव्हापासूनचे.

एका पिंपाचा हिशेब

परतीच्या वाटेवर गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो आमच्या वाचकांनीही पाहावा.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. त्यात खेड्यातल्या प्रत्येक माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे, असे ठरले. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पिण्यात आणि स्वयंपाकात मुरते ते सोडले, तर जवळपास दोनतृतीयांश पाणी आंघोळ, धुणी आणि भांडी करून घराबाहेर पडते. म्हणजे सुमारे १८० लिटर. एक मोठे पिंप भरत आले म्हणायचे. आता २०० घरांचे गाव घ्या. रोज ३६,००० लिटर. दहा हजारी टँकर धरला तर रोज साडेतीन टँकरहून अधिक घाण पाणी उताराच्या दिशेने निघते.

नळ आला, ही आनंदाची गोष्ट. आपल्या आयाबहिणींच्या डोक्यावरची घागर उतरली. पण घागरीच्या दिवसांत पाणी जपून वापरले जायचे. नळ आल्यावर ते वाढले आणि वाढलेले सगळे नालीत गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा हक्क बजावला. घेतलेले पाणी वापरून झाल्यावर कोणाच्या दारात जाते, हा त्याच प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग आहे. स्वच्छ पाणी वरून खाली येताना वाटेत अडते आणि घाण पाणी मात्र कधी अडत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

म्हणूनच एकटीदुकटी वस्ती शोषखड्डे करून सुटत नाही. आमच्यातल्या एका तरुणाचा पहिला विचार तोच होता, की आपल्या वस्तीत आपण खड्डे करू. करावेतच. पण वरच्या दीडशे घरांचे पाणी येतच राहिले, तर आपल्या खड्ड्यांनी ते थांबणार नाही. टेंभुर्णीसारख्या गावाचा खरा धडा हा, की खड्डा घरटी असतो, पण निर्णय गावाचा असावा लागतो. वाड्यालाही खड्डा आणि झोपडीलाही खड्डा. आपली घाण आपल्या दारात, दुसऱ्याच्या नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर शब्दांत सुनावले होते. ते खेडे बदलायचे, तर असल्या साध्या गोष्टींपासूनच बदलावे लागेल.

संडासाचे पाणी वेगळे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या फिरतीत याविषयी बराच घोळ दिसला. न्हाणीचा आणि भांड्यांचा शोषखड्डा वेगळा, संडासाचा खड्डा वेगळा. संडासाची नळी या शोषखड्ड्यात कधीही सोडू नये. त्यातून रोगजंतू जमिनीतल्या पाण्यात उतरतात.

संडासासाठी दोन खड्ड्यांची पद्धत चांगली. दोन्ही खड्ड्यांच्या भिंती जाळीदार. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला, की तोंड फिरवून दुसरा सुरू करायचा आणि पहिला बंद ठेवायचा. दीड-दोन वर्षांनी त्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत झालेले असते. ते घरधनी स्वतः फावड्याने काढून शेतात टाकू शकतो.

याउलट अनेक जण ऐपत दाखवण्यासाठी घराखाली भलीमोठी सेप्टिक टाकी बांधतात. ती भरली की उपसायची कोणी? तेव्हा मात्र गावाला आपल्या माणसांची आठवण होते. हाताने मैला काढायला लावणे आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंची भरपाई १० लाख रुपये असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. कायदा आहे, निकाल आहे, तरी टाकीतल्या विषारी वायूने माणसे मेल्याच्या बातम्या येतच असतात. मेल्यावर भरपाई मागण्यापेक्षा माणसाला उतरावेच लागणार नाही, असा खड्डा बांधणे शहाणपणाचे. खड्डा कसा बांधला, यावरच तो उपसायला कोण येणार हे ठरते. घर बांधताना आपल्या तरुणांनी गवंड्याला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

शोषखड्डा सर्वत्र चालतो का?

नाही. तेही सांगायला हवे, नाहीतर उत्साहाने खणलेले खड्डे वर्षभरात बुजतील आणि दोष कल्पनेला लागेल.

काळी माती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. ओली झाली की फुगते. अशा जागी खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा. जिथे पावसाळ्यात विहिरीचे पाणी अगदी वर येते, तिथे शोषखड्डा चालत नाही. पिण्याच्या विहिरीपासून वा हातपंपापासून तो किमान १० मीटर, म्हणजे तीसपस्तीस फूट तरी लांब असावा. मोरीच्या तोंडाशी जाळी हवी. खरकटे आणि तेलकट रस्सा मोरीत ओतू नये. ज्यांच्या दारात जागा आहे त्यांनी काही पाणी केळी, अळू, कर्दळीला द्यावे. चार फुटांचीही जागा नसेल, तर चारपाच घरांनी मिळून एक मोठा खड्डा करावा.

मोठ्या गावांत सगळे पाणी असे जिरत नाही. तिथे गावाबाहेर ओळीने तळी करतात. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो आणि कुजतो. पुढच्या उथळ तळ्यांत ऊन, वारा आणि शेवाळ यांच्या मदतीने पाणी निवळत जाते. शेवटचे पाणी शेताला देता येते. याला स्थिरीकरण तळे म्हणतात. पद्धत चांगली आहे. पण तळ्याची जागा ठरवताना आपल्या लोकांनी ग्रामसभेत डोळ्यांत तेल घालून बसावे. नकाशावर "गावाबाहेर" लिहिलेली जागा प्रत्यक्षात कोणाच्या घरामागे आहे, हे विचारावे. नाली गेली आणि वस्तीमागे तळे आले, तर आपण होतो तिथेच.

डासांबद्दलही एक खुलासा. नालीत वाढणारा डास वेगळा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो, त्याला शोषखड्डा चांगला उपाय आहे. पण डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. रांजण, हौद, कूलर, अंगणातले जुने टायर ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. शोषखड्डा झाला म्हणून रांजणाकडे दुर्लक्ष नको.

आपल्या परंपरेत

गाडीत मावशींनी गुरुजींना विचारले, की एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा धम्माशी काय संबंध? गुरुजी म्हणाले, संबंध आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या स्नानगृहाची हकिकत येते. तिथे चिखल होऊ लागला, तेव्हा जमिनीवर विटा-दगड बसवायला आणि पाणी जायला मोरी काढायला भगवान बुद्धांनी अनुज्ञा दिली. आजारी नसताना पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, हा नियम पातिमोक्खात आहे. सांडपाण्याचा विचार भगवंतांना क्षुल्लक वाटला नाही. तो आपण तरी का कमी लेखावा?

आता काय करायचे?

टेंभुर्णी पाहून नुसती वाहवा करून परतलो, तर भाडे वाया गेले म्हणायचे. म्हणून परत येताना आम्ही काही गोष्टी ठरवल्या. इतर वस्त्यांतल्या बंधुभगिनींनाही त्या उपयोगी पडतील.

एक, आधी गावचा उतार कागदावर काढावा. कोणत्या आळीचे पाणी कुठून येते, कुठे साचते, कोणाच्या दारात थांबते, हे शाळेतली मुलेसुद्धा एका दुपारी काढू शकतात. हा कागद बोलतो. तोंडी तक्रार विसरली जाते.

दोन, नव्या नालीची मागणी करण्याआधी दोनदा विचार करावा. नाली म्हणजे पाणी पुढे ढकलण्याची सोय. शेवटच्या माणसाला तिचा उपयोग नसतो, आणि शेवटचा माणूस बहुधा आपलाच असतो. मागणी करायची तर घरटी शोषखड्ड्यांची करावी, आणि संपूर्ण गावासाठी करावी.

तीन, पैसा नाही हे उत्तर ऐकून परत फिरू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली होती. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून द्यायचा होता. आपल्या गावाला त्यातले किती आले, कुठे खर्च झाले, याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. नव्या खड्ड्यांसाठी रोजगाराच्या योजनेतून मजुरी मिळते का, तेही पंचायत समितीत विचारावे.

चार, पहिला खड्डा विहाराच्या अंगणात आपल्या हातांनी खणावा. लोकांना सांगून पटत नाही, पाहिल्यावर पटते. पहिल्या पावसाळ्यात तो तुंबला नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले की पुढचे काम सोपे होते.

पाच, टाकीतला गाळ काढण्याचे काम सुनांवर आणि मुलींवरच टाकू नये. घरातल्या पुरुषांनी पाळी लावावी. जातीची उतरंड नको म्हणायचे आणि घरात नवी उतरंड उभी करायची, हे आपल्याला शोभणार नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव सहसा ग्रामसभा भरते. भाषणे होतात, टाळ्या होतात, ठराव लिहिले जातात. पुढच्या ग्रामसभेला आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरातून एकाने तरी जावे, भगिनींनी तर अवश्य जावे. उताराचा कागद टेबलावर ठेवावा आणि शांतपणे एकच ठराव मांडावा, की या गावात कोणाच्याही घरचे सांडपाणी दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. ठराव लिहून घेतला, की त्याची नक्कल मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.